सात सेकंदांचा झरा

१

बुधवारी सकाळी गॅरेटचा फोन आला तेव्हा मी कॉफी गाळत होते आणि कुणाशीही बोलायची मला इच्छा नव्हती.

"नेड्राबाई, वही गेली."

"कुठली वही?"

"गानिशची. झऱ्याची. पाकीट उघडलं तर आत दुसरीच निघाली."

मी गॅस बंद केला. सिंडर वेल्सच्या जमीन कचेरीत मी एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं, कागदाचा एक चिटोरा हरवू दिला नाही. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, कचेरी गॅरेटच्या हातात आली, आणि या पोरांनी अख्ख्या नेवाडातली सगळ्यात मोलाची वही हरवली.

मोलाची म्हणजे खिशात मावेल एवढी, हिरव्या पुठ्ठ्याची. गानिश इंचाउस्पे हा चौऱ्याऐंशी वर्षांचा बास्क म्हातारा, बाप युरोपातल्या बास्क मुलखातून इथे मेंढ्या राखायला आलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो झऱ्याखाली पाच गॅलनची बादली धरायचा, रेल्वेचं जुनं घड्याळ बघायचा आणि बादली किती सेकंदांत भरली ते वहीत टिपायचा. चाळीस वर्षं हेच. आमच्याकडे नजर पोचेल तिथवरची जमीन केंद्र सरकारची, तिच्यावर गुरं चारायला परवाना लागतो, खाण खणायलाही लागतो. आता लिथियमच्या कंपनीला त्याच दरीखालचं पाणी उपसायचं होतं. झरा बारमाही ठरला तर कंपनीला हात लावता येणार नव्हता. हंगामी ठरला तर उपसा सुरू, आणि गानिशचा चराईचा परवानाही गेला, कारण पाणी नसलेल्या कुरणाला परवाना नसतो.

झरा बारमाही आहे याचा जगात एकच पुरावा होता. सोमवारी म्हाताऱ्याने तो स्वतःच्या हाताने कचेरीच्या खिडकीत दिला होता. हरकतीची सुनावणी शुक्रवारी होती, आणि पुरावे द्यायची मुदत दुपारी साडेचारला संपत होती.

"पोलिसांना कळवलंस?"

"नाही. तुम्ही या ना आधी."

२

गॅरेटच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. भिंतीवरचा नकाशा उतरवून त्याची गुंडाळी केलेली.

"कुठे चाललास?"

"वॉशिंग्टनला. पुढच्या महिन्यात." तो कानापर्यंत लाल झाला. "खाणवाल्यांच्या संघटनेत जागा आहे."

याला फाइल कशी बांधायची ते मी शिकवलं होतं.

मंगळवारी वाचनकक्षात वही बघायला तीन जण आले होते. नोंदवहीत तिघांच्या सह्या होत्या. पहिला कॅल्डिकट, खाणवाल्यांच्या संघटनेचा माणूस, वॉशिंग्टनहून आलेला. दुसरा व्हर्ल टॅनर, गानिशचा शेजारी आणि माझा शाळासोबती. तिसरी कातालिन, गानिशची मुलगी. प्रत्येकाने पाकीट परत दिलं तेव्हा ते दोरीने बांधलेलं होतं आणि आत वही हाताला लागत होती, म्हणून कुणी उघडून बघितलं नाही.

"स्कॅन केली नव्हतीस?"

"दोन पानं केली. मग मशीनने मान टाकली."

त्याने दोन छापील कागद दिले. एक पान १९९४चं, एक दोन वर्षांपूर्वीचं. मग पाकिटातून निघालेली ती दुसरी वही दिली. तीही हिरवीच. पशुखाद्याचा दुकानदार दर जानेवारीत गिऱ्हाइकांना फुकट देतो, वासरांच्या नोंदीसाठी, ती ह्या वर्षीची वही. आत सगळी कोरी. फक्त पहिलं पान मुळापासून फाडलेलं.

"मला वाटतं तुमचा माझ्यावर संशय असेल," गॅरेट हळूच म्हणाला.

"तुझ्याकडे दप्तराची किल्ली आहे रे. तुला वही गायब करायची असती तर बदली वही ठेवायची गरज काय? सरळ म्हणाला असतास, सापडत नाही." मी कागद आणि ती वही पर्समध्ये घातली. "तू दुसऱ्या गोष्टींचा गुन्हेगार आहेस. ह्याचा नाहीस."

३

कॅल्डिकट मोटेलच्या कॉफीशॉपमध्ये अंड्याचा नुसता पांढरा भाग खात बसला होता. बूट नवे कोरे, तळव्यालासुद्धा धूळ नाही. मी समोर बसले तर उठून उभा राहिला. सभ्य माणूस. मला तो रागीट असता तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, वहीबद्दल कळलं मला. वाईट झालं."

"तुम्हाला वाईट वाटतंय?"

"मनापासून. गेल्या वर्षीचा नवा नियम वाचलाय ना तुम्ही? झरा बारमाही मानायचा तर दहा वर्षांची सलग आणि विश्वासार्ह मोजणी दाखवायची, आणि ती दाखवायची जबाबदारी हरकत घेणाऱ्याची. ती ओळ माझी आहे." नातवाचा फोटो दाखवावा तशा प्रेमाने त्याने हे सांगितलं. "चौदा महिने लागले. किती समित्या, किती लोकांबरोबर जेवणं. आधी उलटं होतं, कंपनीने सिद्ध करायचं की झरा बारमाही नाही."

"म्हणजे आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या मेंढपाळाने सिद्ध करायचं."

"कुणीतरी तर करायलाच हवं." त्याने तोंड पुसलं. "आणि त्यांनी केलंही. चाळीस वर्षं. मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आदर वाटला मला. म्हणून तर मी लगेच कचेरीला विनंती केली, शुक्रवारी सकाळी एक तज्ज्ञ झऱ्यावर पाठवा, वहीतला आकडा पडताळून घेऊ द्या. ह्याच टेबलावरून फोन केला, मंगळवारी, दुपारच्या जेवणाला. अर्ध्या गावाने ऐकला असेल."

"वही नाही म्हटल्यावर तुमचं काम सोपं झालं की."

"अवघड झालं, मॅडम." तो पहिल्यांदाच हसला नाही. "मी कशाला चोरू? मला ती वही फाइलमध्ये हवी आहे. तुमच्यापेक्षा जास्त."

तो खरं बोलत होता, आणि का ते मला कळत नव्हतं.

४

व्हर्ल टॅनर आपल्या रिकाम्या गोठ्याच्या कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. कुंपण दुरुस्त करायला माणूस उभा राहतो तसा, पण हातात पक्कड नव्हती.

"आलीस का चौकशीला, नेड्रे? हातकड्या आणल्यास?"

"तुझ्या मनगटाच्या मापाच्या मिळाल्या नाहीत. मंगळवारी वही कशाला बघायला गेलास?"

"म्हाताऱ्याने माझ्या विहिरीबद्दल काही लिहून ठेवलंय का ते बघायला. काही नव्हतं. झरा, झरा आणि झरा." तो थुंकला. "मी खाणीच्या बाजूने आहे, सांगून टाकतो. माझी डेलीन तिथे ट्रक चालवणार आहे. नाहीतर मुली इथून जातात त्या नाताळालाच दिसतात."

"आणि गुरं?"

"विकली नोव्हेंबरात. तीनशे दहा होती. सगळी एका दिवसात चढवली ट्रकात. आता दुकानदार मला ओळखसुद्धा दाखवत नाही, बाई. नव्या वर्षाची टोपी नाही, वही नाही, काही नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आम्ही एका वर्गात बसलो, त्याच्या आईच्या दफनाला मी होते, पण व्हर्लकडे किती गुरं आहेत हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. आमच्याकडे ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. विचारणारा एकतर परका असतो नाहीतर वसुलीवाला. नवरा बायकोला सांगत असेल, तेही दार लावून.

"असं काय बघतेस? नसलेल्या गुरांचं काय लपवायचं?" व्हर्ल म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.

गाडीत बसल्यावर मी ती फाडलेली वही काढली. पहिलं पान कशाचं असतं ते मला ठाऊक होतं. वरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, एकूण जनावरं. कॅल्डिकटला ते पान झोंबलं नसतं, त्याने तसंच ठेवलं असतं. व्हर्लला ही वही मिळालीच नव्हती, आणि मिळाली असती तरी त्याच्याकडे आता लपवायला आकडा नव्हता. ज्या हाताने ते पान फाडलं त्याच्या कुरणात अजून गुरं होती. चोरी करायच्या घाईतसुद्धा त्या हाताला घरचा आकडा लोकांना दिसू द्यायचा नव्हता.

सह्या तीनच होत्या.

५

कातालिनने बापाचा एकुलता पुरावा का चोरावा? हा प्रश्न घेऊन मी गुरुवारी सकाळी झऱ्यावर गेले. त्याआधी ती दोन छापील पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचली.

१९९४चं पान जिवंत होतं. सात सेकंद. आठ. सात. साडेसहा, बर्फ वितळतंय. सात, लंगडी मेंढी गेली. गानिश सातच्या आकड्याला पोटात आडवी रेघ द्यायचा, त्याच्या बापाच्या मुलखात देतात तशी.

दोन वर्षांपूर्वीच्या पानावर सात, सात, सात, सात. मेंढी नाही, बर्फ नाही, आणि एकाही सातला रेघ नाही.

त्यात फेब्रुवारीचा पहिला रविवारही होता. तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. अकरा दिवस घाट बंद होता, यंत्रं लावूनही बर्फ हटत नव्हतं, आणि माझा नवरा वेंडेल घाटापलीकडे दवाखान्याच्या थंड खोलीत पडून होता. त्याला आणून पुरायला मला रस्ता नव्हता. त्या रविवारी झऱ्यावर कावळासुद्धा गेला नसेल. वहीत लिहिलं होतं, सात.

झऱ्याशी पोचले तेव्हा आधी आवाज शोधला. तिथे नेहमी आवाज असायचा. मग बघितलं. लोखंडी नळीच्या तोंडाला पांढरा क्षार सुकून बसला होता, खालच्या दगडी कुंडात चिखलाला भेगा गेल्या होत्या. बादली जुनिपरच्या फांदीला टांगलेली होती. तिच्यात रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचं घरटं होतं, जुन्यावर नवं, दोन वर्षांचं.

मी कुंडाच्या काठावर बसले आणि मला रडू आलं. कुणी बघायला नव्हतं, म्हणून आवरलंही नाही.

६

कातालिन स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होती. पलीकडच्या खोलीत गानिश खिडकीशी खुर्चीत पेंगत होता. तीन वर्षांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याची दुनिया त्या खिडकीएवढी होती.

मी फाडलेली वही ओट्यावर ठेवली. तिने ती बघितली आणि मळायची थांबली नाही.

"पान फाडायला नको होतं, ना मावशी?"

"सवयीने फाडलंस."

"आइताचा आकडा होता त्यावर. माझा हात आपोआप गेला." ती बापाला आइता म्हणायची, बास्क घरात म्हणतात तसं. तिने पिठाचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि खरी वही बाहेर काढून माझ्यापुढे ठेवली. "घे. बोल काय बोलायचं ते. पण हळू बोल."

"किती दिवसांपासून तू लिहितेस?"

"तो पडल्यापासून. मला म्हणाला, पोरी, रविवार चुकवायचा नाही. मी जायची. पहिले तीन महिने सातच होते, देवाशप्पथ. मग मे महिन्यात नऊ भरले. जूनमध्ये पंधरा. सप्टेंबरात बादली भरायला दीड मिनिट लागलं." तिने पिठाच्या गोळ्यात मूठ रोवली. "आणि घरी आले की हा खिडकीतून विचारायचा, किती? दार उघडायच्या आधी विचारायचा. मी त्याला काय सांगणार होते? हाड जुळत नव्हतं, जेवण जात नव्हतं. मी सात म्हणाले. तो म्हणाला, लिही. मी लिहिलं. एकदा लिहिल्यावर पुढच्या महिन्यात वेगळं कसं लिहिणार?"

"सोमवारी वही देताना अडवलं नाहीस?"

"तो कोट घालून, टोपी ब्रश करून गाडीत बसला होता. चाळीस वर्षांचं काम द्यायला निघाला होता. कसं अडवू? मग मंगळवारी कॉफीशॉपमध्ये त्या माणसाचा फोन ऐकला. शुक्रवारी झऱ्यावर तज्ज्ञ. म्हणजे भर सुनावणीत आइताला खोटारडा ठरवणार. पहिल्या रांगेत बसला असता तो, मावशी."

आता मला कॅल्डिकट समजला. वही वाचून त्याला कळलं होतं. फेब्रुवारीतला घाट त्याला माहीत नसेल, पण छत्तीस महिने एकच आकडा बघून कुणाही हुशार माणसाला कळलं असतं. शेवटची तीन वर्षं खोटी निघाली की सलग दहा वर्षं गेली, आणि त्यांच्याबरोबर आधीची सदतीसही.

आणि तेवढ्यात मला दुसरी गोष्ट समजली.

"मे महिन्यात म्हणालीस? तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात?"

"हो."

"कंपनीच्या चाचणी विहिरी त्याच एप्रिलमध्ये सुरू झाल्या. डोंगरापलीकडे."

"कुठल्या विहिरी?"

तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. चाचणीला जाहीर नोटीस लागणार नाही, अशीही एक ओळ त्या लोकांनी त्याच्याही आधीच्या एका नियमात घालून घेतली होती. मला माहीत होतं, कारण निवृत्तीच्या आठवड्यात मी लावलेली शेवटची फाइल तीच होती. मी शिक्का मारला, कपाटात ठेवली, केक कापला आणि घरी गेले.

"कातालिन, एप्रिलमध्ये उपसा सुरू झाला आणि मेमध्ये झरा आटायला लागला. तू खरे आकडे लिहिले असतेस तर..." मी थांबले, पण फार उशिरा.

तिने पिठाचे हात तोंडावर दाबले. "तर तोच पुरावा झाला असता," ती म्हणाली. "नऊ, पंधरा, दीड मिनिट. तारखांसकट."

"कुठे टिपलेस का? फोनमध्ये, कॅलेंडरवर?"

तिने नकारार्थी मान हलवली. पलीकडून गानिशने खोकून हाक मारली, "कोण आलंय गं?"

७

मी तरी प्रयत्न केला. गुरुवारी दुपारी गॅरेटला विचारलं, समजा एखादी व्यक्ती शपथेवर म्हणाली की मी खोटं लिहिलं, पण खरं असं असं होतं, तर?

"छत्तीस नोंदी खोट्या म्हणून कबूल करणाऱ्याची सदतिसावी गोष्ट कोण मानेल, नेड्राबाई?"

"कंपनीच्या विहिरींची मोजणी मागव. त्यात दिसेल किती उपसलं."

"ती व्यापारी गुपित आहे. नियमात आहे तसं." कुणी घातलं ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तो खोक्यावर चिकटपट्टी लावत होता.

वही परत दिली असती तर म्हातारा खोटारडा ठरला असता. न दिली तर हरकतीला पुरावा नव्हता. कुठल्याही बाजूने झरा जाणारच होता, मग निदान म्हातारा वाचू दे म्हणून मी वही माझ्या पर्समध्येच ठेवली. एकतीस वर्षांत दप्तरातला कागद घरी नेलेला तो एकच.

शुक्रवारी तज्ज्ञ झऱ्यावर गेला, चिखलाचे फोटो काढून आला. साडेचारला गॅरेटने वहीच्या नावापुढे 'गहाळ' असं लिहिलं आणि हरकत फेटाळली. जिन्यात कॅल्डिकट भेटला.

"वही मिळाली असती तर प्रकरण स्वच्छ झालं असतं," तो म्हणाला. "पण ठीक आहे. झरा हंगामीच निघाला."

"तुमच्या विहिरींनी आटवला तो."

"तसा कुठे पुरावा नाही, मॅडम." त्याने माझ्यासाठी दार धरलं. "आणि आता कोरड्या झऱ्याचं आणखी काय नुकसान होणार?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी दारातून बाहेर पडले.

गानिशला आम्ही एवढंच सांगितलं की निकाल विरुद्ध गेला, सरकारने ऐकलं नाही. तो खुर्चीत खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "नाही ऐकलं तर नाही. पाणी तर वाहतंय ना? वहीत आहे सगळं." कातालिन उठून अंगणात गेली, आणि पुढच्या आठवड्यात ती परवान्याची कागदपत्रं घेऊन वकिलाकडे रीनोला गेली ती चार दिवस आली नाही. म्हाताऱ्याजवळ मी राहिले.

त्यात महिन्याचा पहिला रविवार आला.

"नेड्रा पोरी," तो सकाळी म्हणाला, "कातालिन नाही. तू जाशील?"

मी गेले. चाळीस मिनिटं गाडी हाकली, कुंडाच्या काठावर बसले, बादलीतल्या पक्ष्याने माझ्याकडे बघून चोच उघडली. मग परत आले. अंगणात गाडी थांबवते न थांबवते तोच खिडकीतून आवाज आला.

"किती?"

"सात," मी म्हणाले.

"मग झालं तर. लिहून ठेव. जुनी वही त्या सरकारी चोरांनी ठेवून घेतली, दुसरी काढ."

ओट्यावर ती पहिलं पान फाडलेली वही पडून होती. मी पेन घेतलं, तारीख घातली, सात लिहिलं आणि त्याच्या पोटात नीट आडवी रेघ ओढली.